तंतूतला चोरटा निळा उजेड

जळगावच्या कर्करोग उपचार केंद्रात लिनॅकची (किरणोपचाराच्या यंत्राची) किरणमात्रा मोजण्यासाठी प्लास्टिक सिंटिलेटरचा (किरण पडताच उजळणाऱ्या प्लास्टिकचा) मणी प्रकाशतंतूच्या टोकाला लावून, त्याचा उजेड भिंतीपलीकडच्या नियंत्रण कक्षात वाचत होतो. किरणांचे ५ × २० सेंमीचे क्षेत्र ९० अंशांत फिरवले, तेव्हा मध्यावरची मात्रा जवळपास तीच असूनही आकडा बदलला. प्रथम उन्हाळ्यावर संशय गेला, कारण तापमानाने सिंटिलेटरचा उजेड थोडा बदलतो. पण खोलीतला एसी व्यवस्थित होता. बाहेरचा उजेड शिरत असेल म्हणून जोडणीवर काळी टेप गुंडाळूनही फरक पडला नाही. खरा दोष किरणांत येणाऱ्या तंतूच्या लांबीचा होता, जी क्षेत्र फिरवल्यावर बदलत होती; कारण तंतूतच चेरेंकॉव्हचा (वेगवान इलेक्ट्रॉन पारदर्शक पदार्थातून जाताना उमटणारा) निळसर प्रकाश उमटत होता. शेजारी मण्याविना दुसरा तंतू चिकटवून त्याचे वाचन वजा केल्यावर दोन्ही दिशांचे आकडे जुळले.