संशोधनाला निघण्याआधी : खान्देशातल्या बी.ए.-एम.ए.च्या मुलामुलींसाठी

सगळ्यात आधी विषय. तो असा निवडा की सकाळच्या एसटीने निघून संध्याकाळी घरी परतता येईल. दरवर्षी कोणीतरी ‘मराठी कवितेतील स्त्री’ एवढा अफाट विषय घेऊन माझ्याकडे येतं आणि दिवाळीपर्यंत थकून जातं. संशोधन पुण्या-मुंबईच्या मुलांनी करायचं असतं, हा समज मनातून काढून टाका. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १९३६ साली फैजपूरला झालं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला यादवकाळातला शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे आणि शेवटी जुनी मराठी आहे. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, मावची या बोली तर आपल्या घरात आणि शेजारात बोलल्या जातात. यातलं जे तुमच्या गावाजवळ असेल ते घ्या, आणि त्यातलाही एकच कोपरा.

मग आधी काय लिहिलं गेलंय ते पाहा. १८८० चं खान्देश गॅझेटियर वाचा, पण ते इंग्रज सरकारने कारभारासाठी लिहून घेतलं होतं हे विसरू नका. भिल्लांबद्दलची पानं तर फार सावधपणे वाचावी लागतात. बोलीवर काम करणार असाल तर भाषाअभ्यासक ग्रियर्सनने केलेल्या भारताच्या भाषिक पाहणीचा नववा खंड पाहा. त्याने खान्देशी, म्हणजे अहिराणी, भिल्ल भाषांबरोबर ठेवली आहे. ते पटतं का, हाच एक चांगला प्रश्न होऊ शकतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखितं आहेत. जाण्याआधी फोन करा, विभागप्रमुखांचं पत्र आणि कॉलेजचं ओळखपत्र सोबत ठेवा, टिपणं पेन्सिलीने घ्या. इतिहासवाल्यांनी मोडी लिपी आत्ताच शिकायला घ्यावी. रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत अक्षर लागतं, आणि एकदा लागलं की दुसऱ्याच्या लिप्यंतरावर अवलंबून राहावं लागत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर यांना वेळ लागतो, म्हणून ते एम.ए.च्या पहिल्या वर्षीच काढून ठेवा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.च्या नोंदणीनंतर मिळतात, पण अर्ज अडतो तो याच कागदांवर. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरतात. चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स घ्यायचं असेल तर पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के लागतात, तेव्हा पहिल्या वर्षापासूनच गुणांकडे लक्ष द्या. आणि ‘आविष्कार’ ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा सोडू नका. तिथे भाषा आणि मानव्यविद्यांना वेगळा गट असतो, पदवीच्या मुलांनाही भाग घेता येतो. आपलं काम पोस्टरसमोर उभं राहून अनोळखी परीक्षकाला समजावून सांगितलं की त्यातलं कच्चं कुठे आहे ते आपलं आपल्यालाच कळतं.

आता गावात जाण्याची तयारी. माझं मन इथेच सगळ्यात जास्त गुंततं. एम.ए.ला असताना मी माझ्या मोठ्या मायच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या. वर पंखा चालू होता. घरी येऊन ऐकलं तर अर्ध्या ओळी घरघरीत बुडालेल्या. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, तिने पुन्हा म्हटलं, पण तीच ओवी वेगळी म्हटली. पहिल्या वेळी लेकीचं सासर होतं, दुसऱ्या वेळी भावाचं शेत आलं. पहिली गेली ती गेलीच. म्हणून पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. सुरुवातीला तारीख, गाव आणि म्हणणाऱ्या बाईचं माहेर बोलून घ्या, कारण गाणी बऱ्याचदा माहेराहून येतात. रेकॉर्ड करू का आणि नाव छापू का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

उतरवताना बोली ‘सुधारू’ नका. माझ्या पहिल्या वहीत मोठी माय ‘माले’ म्हणते तिथे मी सवयीने ‘मला’ लिहिलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, हे मी नाही बोलले. सगळी वही पुन्हा लिहिली.

कानबाई या आपल्या खान्देशच्या देवीच्या उत्सवावर काम करायचं असेल तर कॅलेंडरवर आत्ताच खूण करा : नागपंचमीनंतरचा रविवार. जागराची ती रात्र वर्षातून एकदाच येते. पण त्या रात्री पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकू नका. आषाढातच एकदा जाऊन या, ओळख करा, रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, कामाला हात लावू द्याल का असं विचारा. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत पेन ड्राइव्हवर त्या घरी पोचती करा, प्रबंध पूर्ण व्हायची वाट न पाहता, त्याच महिन्यात.