बांगड्याचा भाव, डिझेल आणि पी-व्हॅल्यू: ब्लॉक बूटस्ट्रॅप कसा करायचा

समजा मडगाव मार्केटातल्या बांगड्याच्या भावाचा दहा वर्षांचा महिनावार डेटा तुमच्याकडे आहे आणि डिझेल महागलं की बांगडाही महागतो का एवढंच बघायचंय. एक्सेलमध्ये रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारं मॉडेल) टाकलं, पी-व्हॅल्यू (डिझेलचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त संबंध दिसण्याची शक्यता) ०.०३ आली, की लगेच खूश होऊ नका. साधी टी-टेस्ट प्रत्येक महिन्याची एरर (मॉडेलचा अंदाज आणि खरा आकडा यातला फरक) स्वतंत्र धरते, पण इथे एका महिन्याचा धक्का पुढच्या दोन-तीन महिन्यांत रेंगाळतो, डिझेलचंही तसंच, त्यामुळे १२० आकडे दिसतात तरी खरी माहिती त्याहून कमी असते आणि स्टँडर्ड एरर (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) उगाच छोटी निघते. यावर उपाय म्हणजे ब्लॉक बूटस्ट्रॅप: डेटातलेच सलग तुकडे चिठ्ठ्या टाकून पुन्हा पुन्हा उचलायचे आणि दर वेळी टेस्ट परत चालवायची.

आधी दोन्ही भावांचा लॉग घ्या आणि महिन्यागणिक फरक काढा. दोन्ही वर चढत जाणाऱ्या सिरीज तशाच एकमेकींवर टाकल्या तर काहीही संबंध नसताना संबंध दिसतो. मग प्रत्येक महिन्याचा डमी (त्या महिन्यात १, बाकी महिन्यांत ० असा रकाना) घाला, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हाचा भाव डिझेलमुळे चढत नाही. या मॉडेलमध्ये डिझेल घालून त्याचा टी (डिझेलचा गुणांक भागिले त्याची स्टँडर्ड एरर) काढून ठेवा, हा आपला खरा टी.

आता मुख्य काम. डिझेल काढून फक्त डमींचं मॉडेल चालवा आणि त्याचे रेसिड्युअल (खऱ्या आकड्यातून मॉडेलचा अंदाज वजा केल्यावर उरतं ते) घ्या. म्हणजे डिझेलचा काहीच परिणाम नाही असं जग आपण मुद्दाम बनवतोय. हे बरेच जण विसरतात आणि मग टेस्ट कसली चाललीय तेच कळत नाही. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रनच्या १९७९ च्या मूळ बूटस्ट्रॅपमध्ये एकेक आकडा उचलतात, पण तसं केलं तर महिन्यांची साखळीच तुटते, म्हणून सलग तुकडे उचला. तुकड्याची लांबी सुरुवातीला आकड्यांच्या घनमुळाएवढी, फरक काढल्यावर उरलेल्या ११९ ला साधारण ५. एकमेकांवर चढणारे असे ११५ तुकडे होतात, त्यातले २४ चिठ्ठ्या टाकून काढा (तोच तुकडा परत आला तरी चालेल), जोडा, शेवटचा एक जादा आकडा सोडा, डमींच्या मॉडेलने दिलेल्या अंदाजात मिळवा, डिझेलसकट रिग्रेशन परत चालवा, टी लिहून ठेवा.

हेच ९९९ वेळा. आर मधल्या ‘बूट’ किंवा पायथनच्या ‘आर्च’ पॅकेजात तुकडे पाडायची सोय आयती आहे. चिन्ह सोडून किती टी खऱ्या टी एवढे किंवा त्याहून मोठे आले ते मोजा, त्यात १ मिळवा, १००० ने भागा. हीच नवी पी-व्हॅल्यू.

लांबी ३ आणि ८ ठेवूनही बघा. निकाल तेवढ्याने उलटत असेल तर ०.०३ वर रिपोर्ट लिहायला बसू नका.