सी कोडमधली आखूड नावं कशी उलगडायची
लिनक्स कर्नलसारखा (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) सी भाषेतला कोड वाचताना आधी नावाचा उपसर्ग बघा. 'आय_मोड'मधला 'आय' म्हणजे आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद), 'एसटी_साइझ'मधला 'एसटी' म्हणजे स्टॅट (फाइलची माहिती विचारणारा कॉल). ही नुसती हौस नव्हे. सुरुवातीच्या सी कंपायलरमध्ये सगळ्या स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या डेटाच्या) सदस्यांची नावं एकाच यादीत जात, म्हणून टक्कर टाळायला उपसर्ग आले. आखूडपणाचं कारणही तसंच: १९८९च्या सी मानकातही लिंकरपर्यंत (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत) जाणाऱ्या नावांची पहिली ६ अक्षरंच ओळखली जाण्याची हमी होती.

अर्थाचा अंदाज बांधत बसू नका. डिक्लरेशन (नाव जिथे जाहीर केलंय ती ओळ) उघडा, शेजारची कॉमेंट वाचा. तरी अडलं तर 'गिट लॉग'मध्ये (कोडमधल्या बदलांच्या इतिहासात) ते नाव पहिल्यांदा आणणारा कमिट (बदलाची नोंद) शोधा. आणि कर्नलमध्ये फंक्शनच्या नावाआधी दोन अंडरस्कोर दिसले तर जरूर थांबा: अनेकदा तिथे लॉक (एकाच वेळी दोघांनी तोच डेटा बदलू नये म्हणून लावायचं कुलूप) घेण्याची जबाबदारी कॉल करणाऱ्याची असते.