अबॅकसला फोर्ट्रान सापडत नसेल तर

व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या प्रोजेक्टची तारीख जवळ आली होती, तेव्हा खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करणारी एम.टेक.ची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या पंप बॉडीत, कास्टिंग गार होताना किती ताण येतो ते तिला अबॅकस या ताण मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढायचं होतं. फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली सबरुटीन (स्वतःच्या कोडचा तुकडा) जोडली की जॉब, म्हणजे अबॅकसला दिलेलं गणित, ‘प्रॉब्लेम ड्युरिंग कंपायलेशन’ म्हणून बंद पडायचा. बिचारीने विंडोजसुद्धा दोनदा नव्याने टाकलं होतं. तेवढं करू नका.

अबॅकस स्वतः कोड कंपाइल करत नाही, म्हणजे मशीनच्या भाषेत बदलत नाही. ते काम इंटेलचा फोर्ट्रान कंपाइलर करतो आणि जोडणी व्हिज्युअल स्टुडिओतला लिंकर करतो. तिघांची गाठ पडली नाही की एरर येते.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. कमांड विंडोत ‘अबॅकस व्हेरिफाय’ लिहून, एक जागा सोडून ‘-यूझर_एसटीडी’ टाका (टाइप अर्थात इंग्रजीत). ही चाचणी पास झाली तर सेटअप ठीक आहे, चूक बहुधा तुमच्या कोडमध्ये आहे. जुन्या पद्धतीच्या फोर्ट्रानमध्ये ओळ 7व्या रकान्यापासून 72व्यापर्यंतच चालते. तिथे हमखास घसरायला होतं.

चाचणी नापास झाली तर त्याच विंडोत ‘व्हेअर आयफोर्ट’ आणि मग ‘व्हेअर लिंक’ विचारा. आयफोर्ट म्हणजे इंटेलचा जुना फोर्ट्रान कंपाइलर, लिंक म्हणजे तो लिंकर. लिंक सापडत नसेल तर व्हिज्युअल स्टुडिओच्या इन्स्टॉलरमध्ये ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस’वर टिक आहे का बघा. व्हिज्युअल स्टुडिओ आधी, फोर्ट्रान नंतर, हा क्रम पाळा.

आयफोर्ट मशीनवर असूनही सापडत नसेल, तर इंटेलच्या वनएपीआय फोल्डरमधली ‘सेटव्हार्स’ बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली फाइल) त्या विंडोत चालवा आणि जॉब तिथूनच सुरू करा. विंडो बंद केली की हे सेटिंग जातं. कायमचं हवं असेल तर अबॅकस सुरू करणाऱ्या बॅच फाइलची आधी कॉपी ठेवा, मग तिच्या वरच्या भागात ‘कॉल’ लिहून सेटव्हार्सचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात टाका. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या नावात मध्ये जागा आहे, म्हणून अवतरण लागतंच.

त्या मुलीच्या मशीनवर मात्र आयफोर्ट नव्हताच. तिने सगळ्यात नवा कंपाइलर उतरवला होता, आणि 2025च्या आवृत्तीपासून इंटेलने आयफोर्ट काढून फक्त आयएफएक्स हा नवा कंपाइलर ठेवला आहे. तिचं अबॅकस जुनं, ते आयफोर्टलाच हाक मारत होतं. मग शंभर वेळा इन्स्टॉल करून काय होणार! आपल्या अबॅकसच्या आवृत्तीला कुठला कंपाइलर चालतो ते आधी बघा, आणि तोच घ्या. आम्ही कंपाइलरची जुनी आवृत्ती टाकली, चाचणी पास झाली.

जॉब तरीही अडला. फोल्डरचं नाव तिने मराठीत ‘माझा प्रोजेक्ट’ असं ठेवलं होतं. सी ड्राइव्हवर साधं, सलग इंग्रजी नाव देऊन फाइल्स हलवल्या आणि जॉब चालला.