घरी सायकल जोडताना लहान भाग बसत नसतील तर

सायकलची चौकट आणि चाके सहसा विनासायास जागेवर येतात. काम अडते ते पॅडलचा आस, बेअरिंगचे छर्रे, कॉटर पिन (पॅडलचा दांडा आसावर पक्का करणारी पाचर) किंवा साखळीची क्लिप अशा मुठीत मावणाऱ्या भागांपाशी. असा भाग बसेनासा झाला की लांब दांड्याचा पाना हातात घेण्याचा मोह होतो आणि बहुतेक नुकसान त्याच क्षणी होते. योग्य मापाचा आणि योग्य बाजूचा आट्यांचा भाग सुरुवातीचे तीन-चार वेढे बोटांनीच फिरतो. जोर लागतो तो अखेरीस घट्ट करताना. जोर त्याआधीच लागू लागला तर थांबावे, भाग बाहेर काढावा आणि बाजू, माप व स्वच्छता या क्रमाने तपासणी करावी.

बाजूची तपासणी पहिली, कारण सायकलमध्ये दोन ठिकाणी उलटे आटे असतात. उजवे पॅडल नेहमीप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट होते, तर डावे पॅडल त्याच्या विरुद्ध दिशेने. आसाच्या टोकावर बहुधा डाव्या-उजव्याचे इंग्रजी अक्षर कोरलेले असते. ते पुसट झाले असल्यास आस आडवा धरून आट्यांचा कल पाहावा. लक्षात ठेवायला सोपा नियम असा की, पाना आसाच्या वरच्या बाजूला धरून सायकलच्या पुढच्या दिशेने ढकलला की दोन्ही पॅडले आपापल्या क्रँकमध्ये, म्हणजे पॅडलच्या दांड्यात, घट्ट होतात. दुसरे ठिकाण बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे दोन्ही क्रँकना जोडणारा आस चौकटीत जेथे फिरतो त्या बेअरिंगचे. प्रचलित इंग्रजी मापाच्या ब्रॅकेटमध्ये साखळीकडचा, म्हणजे उजवा, कप (बेअरिंगची वाटी) उलट्या आट्यांचा असतो. इटालियन मापात मात्र दोन्ही कप सरळ आट्यांचे असतात. इंग्रजी मापाचा व्यास १.३७ इंच आणि इटालियन मापाचा ३६ मिलिमीटर असल्यामुळे एकाचा कप दुसऱ्याच्या नळीत बसूच शकत नाही, आणि तो बसवण्याचा प्रयत्न करणे म्हणजे चौकटीचे आटे गमावणे होय.

बाजू बरोबर असूनही आटे धरत नसतील, तर भाग तिरका लागत असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. अशा वेळी भाग भोकाशी सरळ टेकवून आधी उलट दिशेने, म्हणजे सैल करण्याच्या दिशेने, हळूहळू फिरवावा. आट्याचे टोक आट्यात उतरते तेव्हा हाताला हलकासा ‘टक्’ असा धक्का जाणवतो. तेथून दिशा बदलून बोटांनीच पुढे फिरवावे. डाव्या पॅडलसाठी सैल करण्याची दिशा अर्थातच घड्याळाच्या काट्यांची आणि घट्ट करण्याची त्याच्या विरुद्ध असते. भोकात रंगाचा थर, जुने ग्रीस किंवा धातूचा कीस असेल तर दात घासण्याच्या जुन्या ब्रशने आणि थोड्या रॉकेलने तो काढावा, आटे कोरडे करून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा. पॅडलचे आटे बहुतेक क्रँकमध्ये ९/१६ इंचाचे असतात, परंतु अखंड एकाच तुकड्याच्या क्रँकमध्ये ते अर्ध्या इंचाचे असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये पोलादी आस तिरका शिरला तर आधी क्रँकचेच आटे मरतात, म्हणून येथे घाई सर्वांत महाग पडते.

बेअरिंगचे काम संयमाचे आहे. जुन्या पद्धतीच्या सुट्या छऱ्यांच्या सायकलमध्ये पुढच्या हबात (चाकाच्या मध्यभागात) सामान्यतः ३/१६ इंचाचे, तर मागच्या हबात आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये १/४ इंचाचे छर्रे लागतात. कपात ग्रीस भरून छर्रे त्यात चिकटवत जावे. वर्तुळ पूर्ण झाल्यावर एका छऱ्याहून कमी मोकळी जागा उरली पाहिजे. ती भरून काढण्यासाठी आणखी एक छर्रा दाबून बसवला, तर छर्रे एकमेकांना घासतात आणि आस जड फिरतो. नवे आणि झिजलेले छर्रे एकत्र घालू नयेत, कारण किंचित मोठ्या छऱ्यांवरच सगळा भार येतो. छर्रे पिंजऱ्यात बसवलेले असतील, तर पिंजऱ्याची दिशा पाहावी. तो उलटा बसला की त्याचा पत्रा कपाला किंवा कोनाला (कपासमोर आसावर फिरवून बसवायच्या निमुळत्या नटाला) घासतो आणि आस कितीही सैल केला तरी फिरताना खरखरतो.

कोन आणि त्यावरचा नट यांची जुळणी एका प्रयत्नात होत नाही, हे गृहीत धरूनच बसावे. कोन पातळ पान्याने स्थिर धरून बाहेरचा नट घट्ट करावा, मग आस बोटांनी फिरवून पाहावा. खडखड हलत असेल तर कोन किंचित आत घ्यावा, अडखळत असेल तर किंचित बाहेर. झटपट उघडणाऱ्या खटक्याच्या चाकात मात्र खटका आवळल्यावर पोकळ आस थोडा दाबला जातो, त्यामुळे खटका लावण्यापूर्वी अगदी पुसटशी ढिलाई ठेवावी लागते.

कॉटर पिनच्या क्रँकमध्ये दोन क्रँक एका रेषेत आले नाहीत, तर दोन्ही पिना चुकून एकाच दिशेने घातल्या गेल्या आहेत का ते पाहावे. एका बाजूचा नट वर असताना दुसऱ्या बाजूचा खाली असला पाहिजे. पिन नटाने ओढून बसवू नये, कारण त्यात पिनचे आटे तुटतात. क्रँकखाली भक्कम आधार देऊन पिन हातोडीने ठोकून बसवावी आणि नट केवळ ती धरून ठेवण्यासाठी लावावा. पिन आत जातच नसेल तर तिचा व्यास मोजावा, कारण ९ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन्ही मापांच्या पिना प्रचलित आहेत.

सीटच्या नळीची मापे ०.२ मिलिमीटरच्या फरकाने बदलतात, त्यामुळे व्हर्नियर कॅलिपरने मोजल्याशिवाय नवी नळी घेऊ नये. साखळीच्या जोडकडीची क्लिप बसवताना तिची बंद बाजू साखळीच्या प्रवासाच्या दिशेने, म्हणजे वरच्या पट्ट्यात पुढे, असावी. उघडी बाजू पुढे राहिली तर एखाद्या अडथळ्याला लागून क्लिप निघू शकते.

सर्व जोडणी झाल्यावर पहिल्या छोट्या फेरीनंतर कॉटर पिना किंवा क्रँकचे बोल्ट, पॅडले आणि चाकांचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावे. त्या फेरीत भाग आपापल्या जागी दबतात आणि थोडेसे सैल पडतात.