लांबलचक शब्द कसा फोडावा आणि कसा घडवावा

एखादा शब्द वाचता वाचता श्वास अपुरा पडला, तर तो शब्द ओलांडून पुढे जाऊ नये. असा शब्द बहुधा नियमाने जोडलेला असतो, आणि जे नियमाने जोडले आहे ते नियमाने सुटतेही. त्यातली गंमतही याच जोडणीत आहे, कारण प्रत्येक सांधा व्याकरणाला मान्य असतो आणि तरीही अख्खा शब्द तोंडात मावत नाही.

फोडणीची सुरुवात शेवटाकडून करावी. तत्पुरुष समासात मुख्य पद शेवटी येते आणि आधीची पदे त्याच्याविषयी सांगत असतात. रेल्वेच्या सिग्नलला शुद्ध मराठी प्रतिशब्द म्हणून गमतीने सांगितला जाणारा ‘अग्निरथगमनागमनदर्शकलोहपट्टिका’ हा शब्द घेऊ. त्याची आणखीही रूपे ऐकायला मिळतात. ‘पट्टिका’ हाती आली की ही एक पट्टी आहे एवढे कळते. कशाची? लोहाची. काय करणारी? दर्शवणारी. काय दर्शवणारी? ‘गमनागमन’, म्हणजे जाणे आणि येणे. येथे ‘गमन’मधला शेवटचा ‘अ’ आणि ‘आगमन’मधला पहिला ‘आ’ मिळून एकच ‘आ’ झाला आहे, म्हणून जोड दिसत नाही. कोणाचे गमनागमन? अग्निरथाचे. सहा पदे, चार प्रश्न, आणि शब्द उलगडला.

जर्मन भाषेतील शब्दांनाही हीच रीत लागू पडते. १९९९ मध्ये जर्मनीतील मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याने केलेल्या एका कायद्याच्या नावात ६३ अक्षरांचा शब्द होता: रिंडफ्लाइशएटिकेटियरुंग्सयूबरवाखुंग्सआउफगाबेनयूबरट्रागुंग्सगेझेट्स. शेवटचे ‘गेझेट्स’ म्हणजे कायदा. तेथून मागे गेले की सोपवणे, कामे, देखरेख, लेबले लावणे आणि सर्वात आधी गोमांस अशी पदे मिळतात. मध्ये पुन्हापुन्हा येणारा ‘स’ बिजागरीसारखा आहे. तो दिसला की बहुधा तेथे एक पद संपते. हा कायदा २०१३ मध्ये रद्द झाला आणि त्याच्याबरोबर तो शब्दही कामकाजातून गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इंग्रजीतले पुष्कळ लांब शब्द मात्र दोन्ही टोकांनी सोलावे लागतात. अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम या २८ अक्षरी शब्दातले पुढचे उपसर्ग आणि मागचे प्रत्यय काढले की ‘एस्टॅब्लिश’ हा गाभा उरतो, आणि चर्चचे शासनमान्य स्थान काढून घेण्याला विरोध करणारी भूमिका असा अर्थ लागतो.

अर्थ लागल्यावर शब्द कसा जन्मला हे जरूर पाहावे, कारण हसण्याचे कारण तेथे सापडते. वरचा कायदा गरजेपोटी लांबला. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या एका गावाचे ५८ अक्षरी नाव मात्र १८६० च्या दशकात प्रवाशांचे लक्ष वेधण्यासाठी मुद्दाम लांबवले गेले. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस हे ४५ अक्षरी नाव तर १९३५ मध्ये अमेरिकेतील शब्दकोडेप्रेमींच्या संघटनेच्या अध्यक्षांनी सर्वात लांब शब्द व्हावा याच हेतूने रचले. त्याने सांगितलेला फुप्फुसाचा आजार वैद्यकात सिलिकोसिस या छोट्या नावाने ओळखला जातो. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन या शब्दाची घडण मला सर्वात लोभस वाटते. ‘कवडीमोल’ या अर्थाची चार लॅटिन पदे ओळीने मांडून त्याने एखादी गोष्ट क्षुल्लक लेखण्याच्या क्रियेला २९ अक्षरे दिली आहेत. एवढ्याशा अर्थासाठी एवढा मोठा डोलारा उभा राहतो, म्हणूनच तो हसवतो.

स्वतः शब्द घडवताना हीच विसंगती साधावी. वस्तू अगदी रोजची आणि किरकोळ निवडावी. गजराच्या घड्याळावर ‘अजून पाच मिनिटे’ मिळवून देणारे बटण घेऊ. प्रथम ते बटण काय करते हे साध्या वाक्यात लिहावे: सकाळची झोप मोडणाऱ्या यंत्राचा आवाज काही वेळ थांबवणारी कळ. मग एकेका शब्दाला संस्कृत प्रतिशब्द द्यावा आणि विभक्तिप्रत्यय गाळून पदे जोडावीत. ‘थांबवणे’ यासाठी सभागृहाच्या कामकाजात शोभणारे ‘स्थगन’ घेतले की भारदस्तपणा आणखी वाढतो. तयार होतो तो ‘प्रातर्निद्राभंगयंत्रनादस्थगनकळ’ हा १५ अक्षरी शब्द. शेवटचे ‘कळ’ मी जाणूनबुजून घरगुती ठेवले आहे, कारण भारदस्त पदांमागून साधा शब्द आला की ऐकणारा हमखास हसतो. टायला दिलेला ‘कंठलंगोट’ इतका लहान असूनही याच कारणाने हसवतो. विग्रह मात्र बिनचूक झालाच पाहिजे. जे पद काढले तरी अर्थ बदलत नाही, ते भरतीचे असते आणि चाणाक्ष वाचकाला ते लगेच कळते.

असा शब्द कोठे ठेवावा, हे ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसकडून शिकावे. इ.स.पू. ३९१ च्या सुमारास लिहिलेल्या एका विनोदी नाटकात त्याने मासे, पक्ष्यांचे मांस, मध, रस्से अशा पदार्थांची नावे गुंफून सुमारे १७० अक्षरांचे एकच खाद्यनाम रचले आणि ते अगदी शेवटी, मेजवानीकडे निघालेल्या मंडळींच्या तोंडी घातले. वाक्यातही लांब शब्द शेवटी असावा, म्हणजे त्यानंतर हसायला जागा मिळते.

उच्चाराचा सरावही शेवटाकडूनच करावा. पुढून सुरुवात केली तर पहिली पदे पाठ होतात आणि जीभ शेवटाला अडखळते. म्हणून आधी ‘कळ’, मग ‘स्थगनकळ’, मग ‘नादस्थगनकळ’, मग ‘यंत्रनादस्थगनकळ’ असे म्हणत प्रत्येक वेळी पुढे एक पद जोडावे, आणि संपूर्ण शब्द एका श्वासात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणता येईपर्यंत तो कोणालाही ऐकवू नये.