शुगरसाठी सप्लिमेंट घ्यायचंय? मग ते असं घ्या

घरात कुणाला शुगर निघाली की आठवडाभरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर डबे जमायला लागतात. गावाहून आत्या जांभळाच्या बियांची पावडर पाठवते, शेजारच्या काकू मेथीदाणे भिजवायला सांगतात, सोसायटीच्या ग्रुपवर कारल्याच्या रसाचा मेसेज फिरतो आणि मेडिकलवाला क्रोमियमची बाटली पुढे सरकवतो. आईच्या ओट्यावर एकदा मी असे सात डबे मोजले होते. त्यातल्या कुठल्याने काय होतंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण सगळे एकदम चालू होते.

हा लेख टाइप 2 मधुमेह असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. गरोदरपण असेल, किडनी किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि चालू गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही, हे सगळ्यांनाच लागू.

1. सगळं एका कागदावर उतरवा

डॉक्टर विचारतात, "अजून काही घेता का?" आपण म्हणतो, "नाही." काढा, चूर्ण, प्रोटीन पावडर, केसांच्या गोळ्या यांना आपण औषध मानतच नाही ना! म्हणून आधी यादी करा: नाव, किती, कधी. डब्याच्या पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

त्याच कागदावर शुगरच्या गोळ्यांची नावं लिहा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यावर खूण करा. ही औषधं शुगर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतात आणि वरून मेथी, कारलं, गुडमार यांची भर पडली की तो धोका वाढतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही.

2. आधी कमतरता तपासा

शुगरच्या माणसाला सप्लिमेंटचा खरा, ठोस उपयोग बहुतेक वेळा इथेच होतो. जाहिरातीत मात्र याचा पत्ता नसतो, कारण ही गोळी स्वस्त आहे आणि तिच्यात चमत्कार काही नाही.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की शरीरात बी12 कमी शोषलं जातं. त्यात माणूस शाकाहारी असेल तर मुळातच येणारं बी12 थोडं. कमतरतेची लक्षणं म्हणजे पायाला मुंग्या, बधिरपणा, थकवा, तोल जाणं. यातल्या मुंग्या आणि बधिरपणा शुगरमुळे नसा खराब झाल्या तरी येतात, आणि तिथेच फसगत होते. आईच्या पायातून चप्पल निसटायची आणि तिला पत्ता नसायचा. चार पावलं पुढे जाऊन ती मागे वळून बघायची. वर्षभर आम्ही सगळे "शुगरचंच आहे" म्हणत राहिलो. शेवटी बी12 तपासलं तर ते 140 निघालं. साधारणपणे 200 पिकोग्रॅमच्या खालचा आकडा कमतरतेचा धरतात. 200 ते 300च्या मधला असेल तर डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात.

मेटफॉर्मिन चार-पाच वर्षं झाली असतील तर पुढच्या भेटीत ही तपासणी मागून घ्या. गोळी की इंजेक्शन, हे आकडा आणि लक्षणं बघून ठरतं.

ड जीवनसत्त्वाचं थोडं वेगळं आहे. कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या, पण त्याने शुगर उतरेल ही आशा ठेवू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 2,423 लोकांना घेऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचा निकाल 2019 मध्ये आला. रोज 4,000 युनिट घेऊनही मधुमेह टळण्यात ठोस फरक दिसला नाही. आपल्याकडे मिळणारं 60,000 युनिटचं पाकीट सहसा आठवड्यातून एकदा, तेही ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. ते रोज दुधात घालून पिणारे लोक मी पाहिलेत. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर बेततं.

3. एकच निवडा

इसबगोल: माझी पहिली पसंती यालाच. त्यातला विरघळणारा तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. सुरुवात एका चमच्याने करा, सोबत भरपूर पाणी प्या आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होत असेल किंवा आतड्यात अडथळ्याचा इतिहास असेल तर घेऊ नका.

मेथी: इथे आपण घरोघरी एक गंमत करतो. रात्री चमचाभर मेथ्या भिजवतो, सकाळी पाणी पितो आणि दाणे फेकतो! अहो, जो तंतू हवा तो दाण्यातच राहिला की. पाणी पिऊन दाणे चावून खा, नाहीतर भाजून पूड करून पिठात घाला. दुसरं असं की हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या अभ्यासांत 25 ते 100 ग्रॅम मेथ्या जेवणातून दिल्या होत्या. आपला चमचा जेमतेम चार ग्रॅमचा. तेव्हा चमचाभर मेथीकडून फार मोठी अपेक्षा नको, आणि एकदम मूठभर खाऊन पोट बिघडवूनही घेऊ नका. पाच ग्रॅमवरून हळूहळू दहापर्यंत जा. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर आधी विचारा.

दालचिनी: परिणाम कधी दिसतो, कधी नाही. बाजारात मिळते ती बरीचशी कॅसिया, म्हणजे जाड, कडक, एकाच थराची साल. तिच्यात कूमारिन नावाचं रसायन जास्त असतं आणि रोज चमचा-चमचा घेतली तर ते लिव्हरला त्रासदायक ठरू शकतं. खरी दालचिनी कागदासारखी पातळ, थरावर थर गुंडाळलेली असते आणि बोटाने सहज मोडते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात या खऱ्या दालचिनीचीच. पूड विकत घेऊ नका, साल बघून घ्या.

कारलं: भाजी खुशाल खा. रसाच्या बाबतीत माझा हात आखडता आहे, कारण पुरावा कच्चा आहे आणि गोळ्यांसोबत शुगर खाली जाऊ शकते. त्यात दुधी मिसळत असाल तर आधी दुध्याचा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर अख्खा फेका. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, समिती नेमली आणि कडू दुधी अजिबात पोटात जाऊ देऊ नका, असा सल्ला दिला. कारल्यात मिसळलेला दुधी कडू आहे की नाही हे ओळखणार तरी कसं?

गुडमारचं पान चावून वर साखर खाल्ली तर वाळू खाल्ल्यासारखं लागतं, गोडी काही मिनिटांसाठी हरवते. गोड खायची सवय तोडायला ही युक्ती बरी. शुगरवरच्या परिणामाचे अभ्यास लहान आहेत. दारुहळदीतलं बर्बेरिन सध्या जोरात खपतंय. त्याचा परिणाम दिसतो, पण ते इतर बऱ्याच औषधांच्या वाटेत येतं, म्हणून डॉक्टरांशिवाय नको. क्रोमियमवर मी पैसे घालणार नाही.

4. लेबल वाचा

सप्लिमेंटच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' ही ओळ हवी. आयुर्वेदिक औषध असेल तर औषध परवान्याचा क्रमांक हवा. "शुगर मुळापासून बरी" असं छापलं असेल तर तो डबा परत ठेवा. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे. बिनलेबलची पुडी तीन दिवसांत शुगर धाडकन खाली आणत असेल तर खूश होऊ नका. 'हर्बल' म्हणून विकलेल्या मालात ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिनसारखी औषधं गुपचूप मिसळलेली अनेकदा सापडली आहेत.

5. वही घाला आणि 12 आठवडे थांबा

सुरू करण्याआधी आठवडाभर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर लिहा. एचबीएवनसी, म्हणजे आपली 'तीन महिन्यांची शुगर', करून घ्या. मग एकच सप्लिमेंट सुरू करा आणि बाकी काही बदलू नका. आंब्याच्या दिवसांत किंवा नवरात्राच्या उपासात सुरुवात नको. साबुदाण्याने वहीचा सगळा हिशोब बिघडतो.

12 आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा एचबीएवनसी करा. 7.8 चं 7.6 झालं तर त्याला फरक म्हणू नका, एवढं तपासणीतच मागेपुढे होतं. 7.8 चं 7.2 झालं तर मात्र बोलण्यासारखं आहे. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस चालू असतील तर काही ग्लुकोमीटर शुगर खोटीच जास्त दाखवतात. केसांच्या गोळ्यांतल्या बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. लॅबवाल्यांना तसं सांगा.

मध्येच घाम फुटला, हात थरथरले, डोकं हलकं झालं तर लगेच शुगर बघा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

6. थांबवायचं कधी

लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, सतत मळमळ यातलं काही दिसलं की त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी सर्जनला यादी दाखवा. आणि 12 आठवड्यांत वहीत काही हललं नसेल, तर डबा संपवायचा म्हणून संपवू नका.

आईच्या सातांपैकी आता ओट्यावर दोनच उरलेत, इसबगोल आणि बी12. मेथ्या लोणच्याच्या मसाल्यात गेल्या. जांभळाची पावडर तेवढी अजून फडताळात आहे, कारण आत्या दिवाळीला येते तेव्हा विचारते.